सडकेपलीकडचं नेटवर्क

छोटा लॅपटॉप उघडायला मी घाबरत नाही. हे फोकनाड, नुसती बढाई वाटत असेल तर वाटू द्या. यवतमाळात पिशवीत मावणारे ते पातळ लॅपटॉप उघडून पुन्हा धड बंद करणारे हात मोजके आहेत, आणि त्यातले दोन माझे आहेत. मोठ्या लॅपटॉपात काय, जागाच जागा. पातळ लॅपटॉपात सगळं एकमेकांच्या अंगावर बसलेलं असतं. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, बॅटरी पापडासारखी पसरलेली, आणि बदलता येतील अशा वस्तू जेमतेम तीन: बॅटरी, एसएसडी आणि वायरलेस कार्ड. कधी कधी कार्डही सोल्डर केलेलं निघतं. मग गिऱ्हाईकाला चहा पाजायचा आणि हात जोडून परत पाठवायचं.

आमच्या घरी हे कोणाला पटलं नव्हतं. वडील कचेरीत, भाऊ बँकेत, काका कोर्टात कारकून. आमच्या खानदानात हाताला काळं लागलं ते फक्त शाईनं. आई अजूनही पाहुण्यांना सांगते, "पोरगी कॉम्प्युटरमध्ये आहे." जशी काही मी आतच राहायला गेले. एकदा दुकानात येऊन तिनं मला लॅपटॉपचं पोट उघडून बसलेली पाहिलं आणि म्हणाली, "काहून वं, एवढं शिकवलं थे याच्यासाठीच का?" मी म्हटलं, "हाव, याच्यासाठीच." ती निघून गेली आणि संध्याकाळी डब्यात जास्तीची पुरणपोळी आली.

दुकान माझं म्हणजे अर्धंच माझं. उरलेलं अर्धं चाचांचं. चाचा घड्याळं दुरुस्त करतात, सत्तरी ओलांडली तरी डोळ्यात भिंग अडकवून बसतात. आधी आम्ही फक्त भाडं वाटून घेतलं होतं. घड्याळं कमी झाली, लॅपटॉप वाढले, आणि हळूहळू काम वाटून घेतलं. ते कसं, तेवढं सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

वायरलेस कार्ड म्हणजे बोटाच्या पेराएवढी हिरवी चकती. लॅपटॉपच्या स्क्रीनच्या कडेत अँटेना असतात, तिथून बिजागरीतून दोन केसासारख्या तारा खाली येतात, एक काळी, एक पांढरी. प्रत्येकीच्या टोकाला तिळाएवढी पिवळी टोपी. ती टोपी कार्डावरच्या तिळाएवढ्या बटणावर बसवायची. वाकडी दाबली तर टोपी फाकते, हळू दाबली तर बसत नाही, जोरानं दाबली तर कार्डच जातं. मी कार्ड निवडायची, लावायची, सॉफ्टवेअर घालायची. टोप्या मात्र चाचा बसवायचे. घड्याळाच्या चिमट्यानं टोपी बरोबर वर आणायचे, कान खाली न्यायचे आणि दाबायचे. बारीकसा टक व्हायचा. "बसली," म्हणायचे आणि मान वर करायचे.

त्यानंतरची त्यांची दुसरी रीत मला अजिबात आवडायची नाही. आमचा राउटर दुकानात डोक्यावरच टांगलेला. कार्ड लावलं की नेटवर्कच्या सगळ्या काड्या भरून दिसायच्या, गिऱ्हाईक खूश, मी खूश. चाचा खूश नाहीत. ते लॅपटॉप उचलायचे, गाड्यांना हात दाखवत सडक ओलांडायचे, पलीकडच्या रसवंतीच्या टिनामागे बाकावर जाऊन बसायचे आणि तिथून मला व्हिडिओ कॉल लावायचे. पडद्यावर फक्त त्यांचं कपाळ आणि डोक्यावरची टोपी.

"दिसून राह्यलो का?"

"कपाळ दिसून राह्यलं, चाचा."

"मंग देऊन टाक गिऱ्हाइकाले."

सगळी सडक हसायची. मी चिडायची. म्हणायची, "चाचा, हे काय येड्या-बह्याडासारखं? इथं काड्या भरून आहेत ना!" ते म्हणायचे, "बेटा, डोक्यावर राउटर असला तं शाळेच्या पाटीलेही नेटवर्क येईन. सडकेपार बोलला तवा खरा."

त्या शुक्रवारी ती आली तेव्हा साडेअकरा वाजले असतील. फुलसावंगीहून सकाळच्या गाडीनं निघालेली, तिशी-पस्तिशीची, ओढणी घट्ट गुंडाळलेली, लॅपटॉप छातीशी धरलेला. लॅपटॉप चांगला होता, पातळ, हलका, कोपरे जरा घासलेले.

"ताई, हा समोरच्या खोलीत नेट पकडते, मागच्या खोलीत गेलं की मरते."

"मंग समोरच्या खोलीत बस ना वं."

"मागच्या खोलीत बाबा आहेत."

मग तिनं सांगितलं. पुण्यात नोकरीला होती. बाबांना लकवा मारला, उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. घरात दुसरं कोणी नाही. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली म्हणून ती गावी आली. बाबा बाजेवर पडलेले असतात, डावा हात तेवढा चालतो. त्यांच्या उशाशी स्टीलचा ग्लास आणि चमचा ठेवलेला. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे कूस बदल, तीन म्हणजे बाहेर ने. म्हणून तिला त्याच खोलीत बसावं लागायचं.

मी एकेक उपाय सुचवला आणि तिनं एकेक खोडून काढला. राउटर मागे हलव? फायबरची केबल समोरच्या दारापर्यंतच, आणि केबलवाला गेले दोन महिने मंगळवारी येतो म्हणून राहिलाय. वायर ओढ? ओढली होती. बाबांना धरून बाहेर नेताना त्यांचा ओढता पाय वायरीत अडकला, दोघंही पडले. वाय-फायचा डोंगल? चादरीत अडकून मुळापासून मोडला. मोबाइलचं नेट? मागच्या खोलीत टॉवरची रेंजच नाही, मोबाइलही घरच्या वाय-फायवरच जेमतेम चालतो.

"आणि सोमवारी अकराला कंपनी चाचणी घेऊन राह्यली," ती म्हणाली. "दोन घंटे कॅमेरा चालू ठेवून काम दाखवा लागते. कॉल तुटला तं घरून काम बंद. मंग पुण्याले जा, नाई तं नोकरी सोडा. नोकरी सोडली तं दवा कशानं आनू? आन् पुण्याले गेली तं थ्या ग्लासाचा आवाज कोन ऐकीन?"

हे ती रडत सांगत नव्हती. मला म्हणून जास्त लागलं. मी लॅपटॉप तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "बस इथं. आजच दुरुस्त करून नेजो."

आणि खरं सांगते, निदान माझं बरोबर होतं. उघडून पाहिलं तर आत एकाच तारेवर चालणारं जुनं, मरतुकडं कार्ड. काळी तार त्याला लावलेली, आणि पांढरी तार कंपनीनं आत घालून टेपमध्ये गुंडाळून ठेवलेली, कधी वापरलीच नव्हती! म्हणजे दोन तारांचं कार्ड लावलं की काम फत्ते. एक खोच होती. त्या बनावटीचा लॅपटॉप आपल्या यादीबाहेरचं कार्ड घेत नाही. चालू करताच काळ्या पडद्यावर नकार लिहितो आणि अडून बसतो. दुसरा कोणी असता तर तिथंच फसला असता. माझ्याकडे त्याच बनावटीचा एक मेलेला लॅपटॉप होता, त्यातलं दोन तारांचं कार्ड मी काढून जपून ठेवलं होतं. मी तेच घेतलं. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

टोप्यांची वेळ आली तेव्हा एक वाजून गेला होता. शुक्रवार. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेलेले. तिची दोनची गाडी होती, ती चुकली तर बाबांना शेजारीण किती वेळ पाहणार?

"चाचा आले की होते ना थे तारांचं?" तिनं विचारलं. चाचांची रीत तिनं बाहेर बसल्या बसल्या पाहिली होती. बाराच्या सुमारास त्यांनी एकाचा लॅपटॉप सडकेपार नेला होता. "थांबू का मी? शेजारणीले फोन करते."

"कायले?" मी म्हटलं. "मी काय पाहुणी आहे का दुकानात?"

काळी टोपी बसवली. पांढरीच्या टोपीला टेपची चिकटी लागलेली, ती घसरत होती. मी नखानं दाबली. टक झाला की नाही, ते सडकेवरच्या हॉर्नमध्ये कळलं नाही. झाला असेल. झाकण लावलं, पेच आवळले, चालू केलं. लॅपटॉपनं कार्ड स्वीकारलं, काड्या भरून आल्या. तिचा चेहरा असा उजळला की मला सडक ओलांडायची आठवणही नको झाली. सडकेपार नेणं म्हणजे चाचांचं काम, माझं थोडंच? ती धावत स्टँडकडे गेली.

शनिवारी सकाळी दुकान उघडते न उघडते तोच तिचा फोन.

"ताई, पह्यल्यापेक्षा बेक्कार झालं. आता मधल्या खोलीतही नाई पकडत."

माझं डोकं फिरलं. मी तिच्यावरच घसरले. राउटर बंद करून चालू कर. मोबाइल दूर ठेव. तुमच्या भिंतीच भल्ल्या जाड असतील. मधल्या खोलीत लोखंडी कपाट आहे का? आहे ना? मग तेच! ती सगळं ऐकत होती, करत होती, आणि दर वेळी हळू आवाजात म्हणत होती, "नाई, ताई." शेवटी म्हणाली, "जाऊ द्या. पुण्याची बॅग भरून ठेवतो म्हनलं बाबाले. थे रात्रीपासून ग्लास वाजवूनच नाई राह्यले."

मी फोन ठेवला. चाचा शेजारी भिंग लावून बसलेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "सडकेपार नेऊन पाह्यला होता का?"

"हाव," मी म्हटलं.

साफ खोटं. वय वर्षं सेहेचाळीस, आणि वर्गात वही विसरलेल्या पोट्टीसारखं मी खोटं बोलले. चाचा "बरं" म्हणाले आणि घड्याळाकडे वळले. काय झालं असेल ते मला कळलं होतं, तिच्या पहिल्या "बेक्कार झालं"लाच कळलं होतं. डोक्यावर राउटर असला की तार सुटलेलं कार्डही थोडंफार पकडतं. हे मला ठाऊक होतं. मीच किती जणांना ऐटीत समजावून सांगितलंय!

दुपारी मी तिला फोन केला. "उद्या मी येतो. बॅग भरू नको."

चाचांनी भिंग काढलं. "मीही येतो. बऱ्याच दिवसांत एसटीत नाई बसलो."

रविवारी पहिल्या गाडीनं निघालो. आर्णी गेलं, महागाव आलं, चाचा खिडकीतून कपाशी पाहत होते आणि कुठे काय पेरलंय ते मला सांगत होते. मी हूं हूं करत होते. मांडीवर पेचकसांची पेटी, आणि मनात एकच, की झाकण उघडलं की चाचांना दिसणार. सांगून टाकावं असं दहादा ओठावर आलं. सांगितलं नाही. ताठा, दुसरं काय.

घर तिनं सांगितलं तसंच निघालं. समोर खोली, मग कपाटाची खोली, मग बाबांची. बाबा बाजेवर होते. पांढरे शुभ्र केस, तेल लावून भांग पाडलेला. लेकीनंच पाडला असणार. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उशाशी ग्लास होता, चमचा आत ठेवलेला.

मी तिथंच खाली सतरंजीवर बसले. पेच काढले, झाकण उचललं. काळी तार सुटून बाजूला पडलेली. झाकण लावतानाच निघाली असणार. पांढरी अर्धी बसलेली, तिरपी. चाचा माझ्या खांद्यावरून पाहत होते. ती समोर उभी होती.

मी पेचकस खाली ठेवला. मग मीच बोलले. "माह्यी चूक आहे. तुह्या भिंतीची नाई, कपाटाची नाई. मी तारा नीट बसवल्या नाई, आन् सडकेपार नेऊन पाह्यलं नाई. चाचालेही खोटं सांगतलं. आन् तुह्यावर वरून वरडली."

लाज वाटली, खूप वाटली, तिच्यापेक्षाही त्या भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाची वाटली.

ती एवढंच म्हणाली, "मंग दुरुस्त होते ना, ताई?"

"होते म्हणजे? करूनच उठतो!"

मी चिमटा चाचांपुढे धरला. त्यांनी घेतला नाही. खिशातून घड्याळ धुवायच्या स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला, पांढऱ्या टोपीची चिकटी पुसून दिली आणि म्हणाले, "तू दाब. मी ऐकतो."

"चाचा, तुम्हीच दाबा ना."

"मी किती दिवस दाबीन? दाब."

मग ते जमिनीवर ओणवे झाले, कान माझ्या बोटांजवळ आणला. मी काळी टोपी बटणावर आणली, सरळ, श्वास रोखून. दाबली. टक. पांढरी आणली. दाबली. काही नाही. "फिरव जराशी," चाचा म्हणाले. फिरवली. टक. तो मी स्वतःच्या कानांनी ऐकला. मग तारा खाचेत बसवल्या, त्यांच्यावर टेपचा तुकडा लावला, म्हणजे झाकण लावताना पुन्हा ओढल्या जाणार नाहीत. झाकण लावलं.

बाबांच्या खोलीत काड्या तीन आल्या. पूर्ण नाही, तीन. पण स्थिर. ती पाहतच राहिली. मी हात झटकून उठणार तेवढ्यात चाचांनी लॅपटॉप उचलला आणि मागच्या दारानं चालते झाले.

"कोठी चालले, चाचा?"

"सडकेपार."

मागे सडक कसली, गोठा होता. चाचा गोठ्यापर्यंत गेले आणि तिच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. तिनं मोबाइल बाबांच्या डोळ्यांपुढे धरला. पडद्यावर चाचांचं कपाळ, टोपी, आणि मागून रवंथ करणारी म्हैस. "दिसून राह्यलो का?" चाचांनी विचारलं. बाबांनी पाहिलं. डावीकडचा ओठ हलला, वर गेला. मग त्यांचा डावा हात सरकत सरकत उशाकडे गेला, चमचा सापडला, आणि ग्लासावर एक ठोका पडला. शुक्रवारनंतरचा पहिला. ती पाणी आणायला धावली आणि दाराच्या चौकटीला धडकली.

परतीच्या गाडीत चाचांना विचारलं, "तुम्हाले शनिवारीच समजलं होतं ना?"

"हाव."

"मंग बोलले काहून नाई?"

"तू बोलशीन म्हणून थांबलो. भल्ला टाइम घेतला तू," म्हणाले आणि खिडकीला डोकं टेकून झोपले.

सोमवारी अकरा ते एक मी एकही लॅपटॉप उघडला नाही. मोबाइल समोर ठेवून बसले होते, खोटं कशाला सांगू. एक वाजला. सव्वा झाला. दीडला फोन आला. व्हिडिओ कॉल, मागच्या खोलीतून. तिच्या मागे बाज दिसत होती.

"झालं, ताई. नाई तुटला. घरूनच काम करा म्हणाले."

मी काही बोलायच्या आत ती पुढे बोलत गेली. "मधातच बाबानं ग्लास वाजवला. उठू का नको? तेवढ्यात थे पुण्याचे सर म्हणाले, मागे काय वाजलं? मी म्हनलं, सर, बाबाले पाणी पाह्यजे. तं म्हणाले, जा, द्या, आम्ही थांबतो." तिनं मागे वळून बाजेकडे पाहिलं. "ताई, एकच ठोका वाजवला होता. थोही हळूच. पुण्यात ऐकू गेला."

मी रडले. काउंटरवर, गिऱ्हाइकांसमोर. चाचांनी भिंग काढलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या बाकावरचा तयार झालेला लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी डोळे पुसले, लॅपटॉप उचलला, गाड्यांना हात दाखवत सडक ओलांडली, रसवंतीच्या टिनामागे जाऊन बसले आणि चाचांना व्हिडिओ कॉल लावला.

"दिसून राह्यली का?" मी विचारलं.